उतरल्याचा निरोप

सोलापुरात शुक्रवार पेठेत दातांचा दवाखाना चालवणारा गुरुशांत कळके रविवारी दुपारी ऊन उतरायला लागलं, की पाठीवर मावेल एवढी एक पिशवी गाडीत टाकायचा आणि बार्शीच्या रस्त्याला लागायचा. पिशवीत पॅराग्लायडर असायचा. डोंगर चढून जाऊन उडणाऱ्यांसाठी बनवलेला, अगदी हलका. त्याचं कापड इतकं पातळ, की हातावर घेतलं तर खालची बोटं दिसावीत. वैराग मागं टाकून आडवाटेला लागलं, की बालाघाटच्या डोंगराची एक सोंड मैदानात उतरते. तिथले लोक तिला घोडसोंड म्हणत. तिच्या पायथ्याशी भीमा नावाच्या शेतकऱ्याचं पडीक रान होतं. गुरुशांत तिथं उतरायचा, आणि भीमाची काही हरकत नसायची. "छत्रीनं काय रान झिजतंय व्हय डाक्टर?" म्हणायचा.

टेकडीवर पोचल्यावर गुरुशांत आधी काहीच करायचा नाही. दगडावर बसून वारा बघायचा. गवत कुठं झुकतंय, खालच्या वस्तीवरचा धूर कुठं वळतोय, कुठं वावटळ उठतेय का. वारा समोरून, संथ आणि एकसारखा येत असेल तरच पिशवी उघडायची. मग काटे-दगड बाजूला करून पंख पसरायचा. दोऱ्या एकेक मोकळ्या करायच्या. हार्नेसचे पायातले पट्टे, छातीचा पट्टा, हेल्मेटचा पट्टा, राखीव पॅराशूटची पिन, सगळं हात लावून बघायचं. हलकं सामान घेणारे काही जण वजन वाचवायला राखीव पॅराशूट घरी ठेवतात. गुरुशांत कधी ठेवत नसे. हे सगळं झालं की शेवटी फोन काढून तो हुबळीला एक शब्द पाठवायचा, 'निघतोय'.

उतरल्यावर दुसरा, 'उतरलो'.

हुबळीहून उत्तरादाखल अंगठा यायचा. कधीमधी 'बरं' यायचं. पाठवणारी भुवनेश्वरी. ती त्याची बायको होती. दोन वर्षांपूर्वी कोर्टात जाऊन दोघं वेगळी झाली होती.

भांडण असं काही झालं नव्हतं. भुवनेश्वरीची बँकेत हुबळीला बदली झाली, मुलगी उत्कर्षा तिच्याबरोबर गेली, आणि वर्षभरानं बदली परत मिळत असताना भुवनेश्वरीनं ती घेतली नाही. फोनवर तिनं सांगितलं, "मी इथंच राहावं म्हणतेय. तुम्हाला काय वाटतं?" तो 'हं' म्हणाला. संसारात बहुतेक वेळा तो 'हं'च म्हणत आला होता. माणूस वाईट नव्हता. पण दिवसभर दवाखान्यात समोरच्याचं तोंड उघडं, आणि बोलता कुणालाच यायचं नाही. घरी आल्यावरही त्याला कुणी उत्तर देईल अशी अपेक्षाच राहिली नव्हती. ती बोलायची. तो ऐकायचा, निदान ऐकल्यासारखा दिसायचा. मग तीही कमी बोलायला लागली.

ती गेल्यावर घर मोठं झालं. रविवार तर फारच मोठा झाला. एका पेशंटनं कामशेतच्या पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्यांचं सांगितलं, आणि पंचेचाळिशी उलटलेला हा माणूस, ज्यानं आयुष्यात कधी गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं नव्हतं, तो तिथं जाऊन पोरासोरांच्या रांगेत उभा राहिला. शिकवणारा अभिमन्यू त्याच्याहून बराच लहान, पण सगळे त्याला सरच म्हणायचे. अभिमन्यूचे नियम फार नव्हते. डोंगराकडं कधी वळायचं नाही, नेहमी बाहेर वळायचं. शंका आली तर उडायचं नाही. आणि एकट्यानं उडायचं असेल, तर उडण्याआधी खालच्या कुणाला तरी सांगून निघायचं, उतरल्यावर त्यालाच कळवायचं. ठरल्या वेळेत निरोप आला नाही, तर त्या माणसानं शोधाशोध सुरू करायची.

"तुम्ही कुणाला कळवणार, डॉक्टर?" अभिमन्यूनं विचारलं.

"बायकोला," गुरुशांतच्या तोंडून गेलं.

तोंडून गेलंच होतं, म्हणून त्यानं त्या संध्याकाळी हुबळीला फोन लावला. भुवनेश्वरी आधी हसली. "तुम्ही? उडणार?" मग म्हणाली, "बरं. कळवत जा. मला काय करायचं ते नीट सांगून ठेवा." पुढं घोडसोंडेवर उडायचं ठरलं, तेव्हा त्यानं तिला भीमाचा नंबर दिला आणि सांगितलं, 'निघतोय' आल्यावर तासाभरात 'उतरलो' आलं नाही, तर भीमाला फोन कर. तिनं त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं.

असं वर्ष गेलं. रविवारचे ते दोन शब्द सोडले तर त्यांच्यात काही बोलणं नव्हतं. उत्कर्षाच्या फीचं, सुट्टीत यायचं, ते उत्कर्षाच सांगायची.

पुढच्या जानेवारीत एका रविवारी घोडसोंडेवर वारं सुटलं होतं. पिशवी उघडायचाही प्रश्न नव्हता. गुरुशांत पायथ्याशीच गाडीत बसून राहिला. समोरची बाभूळ सारखी वाकत होती. परत जायचं म्हणजे घरी जायचं. त्यानं फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि लिहिलं, 'निघतोय'. मग काचेतून धूळ बघत बसला. अर्ध्या तासानं लिहिलं, 'उतरलो'.

नेमका त्याच दिवशी उलट प्रश्न आला. 'आज कसं होतं?'

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. गुरुशांतनं लिहायला सुरुवात केली. वर गेल्यावर थंडी कशी वाजली, ज्वारीची रानं कशी दिसली, एका विहिरीत ऊन पडलं होतं आणि ती खालून कुणी आरसा दाखवावा तशी चमकली. तो लिहीत गेला. तिनंही लिहिलं, लहानपणी आजोळी अक्कलकोटला गच्चीवर झोपायचो तेव्हा मला सारखं वाटायचं की आपण उलटे आहोत आणि आकाश खाली आहे. गुरुशांतला हे माहीत नव्हतं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि त्याला हे माहीत नव्हतं. गाडी चालू करायचं विसरून तो तिथंच बसून राहिला.

पुढच्या रविवारीही वारं होतं. तेव्हाही त्यानं 'निघतोय' लिहिलं.

मार्चात वारा फिरला, संध्याकाळचा पश्चिमेकडून संथ यायला लागला, आणि गुरुशांत पुन्हा खरोखरीचा उडायला लागला. गंमत अशी की आता खरं उडणं त्याला अपुरं वाटायचं. पंधरा-वीस मिनिटं टेकडीसमोर इकडून तिकडं जायचं नि उतरायचं, यात सांगण्यासारखं काय? म्हणून तो वर जास्त रेंगाळायला लागला. अजून एक फेरी, अजून एक फेरी.

तो रविवार मार्चच्या शेवटाचा. दिवसभर रानं तापली होती. गुरुशांतनं नेहमीसारखं सगळं तपासलं, निरोप पाठवला आणि पाय उचलले. पंख हलका, चटकन डोक्यावर आला. चार पावलांत जमीन सुटली. सुरुवातीला सगळं छान होतं. भीमाच्या वस्तीवरचा पत्रा दिसत होता, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मग खालच्या रानातला धूर वळला. आधी तो टेकडीकडं येत होता, आता तिरका जायला लागला. हे गुरुशांतनं पाहिलं. पाहिल्याबरोबर बाहेर निघून उतरायला लागायचं, हे त्याला माहीत होतं. पण त्याच वेळी सोंडेच्या टोकामागून लांबवर उजनी धरणाच्या बाजूला पाण्याची एक रेघ चमकल्यासारखी वाटली. ते पाणीच आहे का, एवढं बघू आणि मग उतरू, असं त्याच्या मनात आलं. तो सोंडेच्या टोकाकडं गेला.

टोकाला वारा फाटलेला होता. उजवीकडचा निम्मा पंख एकाएकी रिकामा झाला आणि दुमडला. गुरुशांत उजवीकडं ओढला गेला, म्हणजे डोंगराकडं. त्यानं अंग डावीकडं टाकलं, डाव्या ब्रेकची दोरी ओढून धरली, आधी तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं. हात शिकवल्याप्रमाणं चालले. दुमडलेला भाग फटकन आवाज करून उघडला. पण तोवर उंची गेली होती. राखीव पॅराशूट उघडायलाही जागा उरली नव्हती. भीमाचं रान लांब राहिलं, समोर ओढा आला. वारा पाठीमागून ढकलत होता. तो दगडांत जोरात आपटला, आणि डाव्या घोट्यात काहीतरी तुटल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला.

पंख बाभळीत अडकला. गुरुशांत हार्नेसमधून सुटला आणि काठाला टेकून बसला. फोन शाबूत होता, पण ओढ्यात रेंज नव्हती. चार हात वर सरकावं तर पाय हलवता येत नव्हता. त्यानं हाका मारल्या. पलीकडून शेळीचा आवाज आला तेवढाच. मग तो शांत झाला. तासाभरात निरोप गेला नाही की भुवनेश्वरी भीमाला फोन करेल. एवढं तर ठरलेलंच होतं. त्याला त्या दुखण्यातही एक प्रकारचं बरं वाटत होतं. हुबळीत एक बाई घड्याळाकडं बघत असेल, आणि ती त्याच्यासाठी बघत असेल.

तास झाला. कुणी आलं नाही. ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेलं, मग तिथूनही गेलं. त्याला थंडी वाजायला लागली. आता येईल, आता येईल म्हणता अंधारून आलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की कुणी येणारच नाही असंही असू शकतं.

मग बॅटरीचा उजेड दिसला. "डाक्टर! ओ डाक्टर! कुटं हाय तुमी?"

भीमानं दोन माणसं आणि एक बाज आणली होती. गुरुशांतला बाजेवर घेताना तो सारखा बोलत होता. "वैनींचा फोन आला की हुबळीवरनं. रडतच व्हत्या. मी म्हनलं, आवं रडू नगा, मी बघतो. आमची आय म्हनली, छत्री वड्याकडं गेली जनू. तवा हिकडं आलो. लई लागलंय का?"

सोलापुरात घोट्याचं ऑपरेशन झालं. सकाळी गुरुशांतनं डोळे उघडले तेव्हा भुवनेश्वरी खाटेशेजारच्या स्टुलावर बसली होती. रात्रीच्या बसनं आली होती. केस विस्कटलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. तिनं त्याला पाणी पाजलं, नर्सला बोलावून सलाईन बघायला लावलं, डॉक्टरांना भेटून आली. हे सगळं उरकल्यावर पुन्हा स्टुलावर बसली.

"उत्कर्षाला सांगितलंय, पाय मोडलाय म्हणून. बाकी काही नाही," ती म्हणाली.

"बरं केलंस."

"मी फोन उशिरा केला, माहितीय?"

गुरुशांतनं तिच्याकडं बघितलं.

"तास होऊन गेला होता. मी चपात्या लाटत होते. घड्याळ समोरच होतं, दिसत होतं मला. तरी थांबले. पाऊण तास थांबले." तिचा आवाज एकसारखा होता, बँकेत समोरच्याला हिशेब समजावून सांगावा तसा. "मला वाटलं, आजही गाडीत बसले असतील. आज खोटं पुरं करायला विसरले असतील. काल वारं बरं होतं, तरी तुमचं खरं कुठलं ते मला कळेनासं झालं होतं."

गुरुशांतनं डोळे मिटले.

"जानेवारीत वारं किती होतं ते मी बघत होते. तुम्ही उडायला लागल्यापासून मी दर रविवारी वैरागचं वारं बघते फोनवर. सकाळी उठले की आधी तेच. किती असलं की उडता येतं, कुठून आलं की चालत नाही, सगळं शिकले मी. तुम्ही ज्वारीची रानं, विहीर, काय काय लिहिलंत, तेव्हा तिथं माणूस उभं राहणार नाही एवढं वारं होतं."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"कारण तुम्ही बोलत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, बोलू देत. खोटं का असेना, इतकी वर्षं वाट बघितली त्याची." मग तिचा आवाज फाटला, तोंडात कानडी आलं. "पण काल तुम्ही तिथं पडला होता, री. आणि मी चपात्या लाटत होते. तव्यावरची चपाती करपली आणि मग माझ्या डोक्यात आलं, की खरंच काही झालं असेल तर?"

बाहेर कुणाची तरी ट्रॉली गेली.

"माझं चुकलं, भुवना," तो म्हणाला. असं त्यानं याआधी कधी म्हटल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

"हो." तिनं पदरानं डोळे पुसले. "पण आता मला नका कळवू. साकु री, आता पुरे. मला रविवारी दुपारी झोपायचंय. उत्कर्षाबरोबर बाजारात जायचंय. उडा तुम्ही, नका उडू, ते तुमचं. खाली बसून वाट बघणारी मी नाही."

ती दोन दिवस राहिली. त्याचा भाऊ नवी पेठेतलं दुकान सोडून येऊन-जाऊन होता, त्याच्याशी बोलली, औषधं समजावून दिली आणि हुबळीला परत गेली. जाताना खाटेच्या पायथ्याशी थोडी थांबली, प्लास्टर केलेल्या पायाकडं बघितलं, आणि गेली.

प्लास्टर निघालं, काठी सुटली. दवाखाना सुरू झाला. पावसाळा गेला, थंडी आली. पंख त्यानं अभिमन्यूकडं पाठवून तपासून घेतला होता. दोन ठिकाणी कापड बदललं, एक दोरी नवी घातली. पिशवी कपाटात पडून होती. कुणाला सांगून निघायचं, हा प्रश्न होता. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "विकून टाक ते. कुणी जीव टांगणीला लावून बसायचं?" उत्कर्षानं एकदा फोनवर आपणहून म्हटलं, "पप्पा, मला कळवत जा ना." त्यानं नको म्हटलं. लेकराला रविवारी घड्याळासमोर बसवायचं नाही, एवढं त्याला आता कळत होतं. त्यापलीकडं त्यानं मनातल्या मनात नावं काढून बघितली. पेशंट पुष्कळ होते. नावं थोड्याच वेळात संपली.

मार्चात एका रविवारी तो घोडसोंडेला गेला. भीमा मोटारीपाशी पाइप जोडत होता. गुरुशांतनं त्याला सगळं सांगितलं. किती वेळ वर असेन, कुठं उतरेन, दिसेनासा झालो तर आधी काय करायचं.

"मी हाय की," भीमा म्हणाला. "हितनं सगळं दिसतंय. पर डाक्टर, काय झालंच तर कळवायचं कुणाला? वैनींला?"

"नाही. त्यांना नाही. एकशेआठला फोन करायचा. गाडी येईल."

"ती येईल वो. घरचं कोन?"

गुरुशांतनं टेकडीकडं बघितलं. "घरचं कुणी नाही."

भीमानं पाना हातातल्या हातात फिरवला. "बरं," म्हणाला, आणि पुन्हा पाइपाकडं वाकला.

वर वारा चांगला होता. गुरुशांत तरी बराच वेळ दगडावर बसून राहिला. मग त्यानं सगळं नीट तपासलं आणि उडाला. घोटा पळताना थोडा दुखला. सोंडेच्या टोकापासून तो लांब राहिला, चार-पाच फेऱ्या मारल्या आणि धुराची दिशा बदलायच्या आत बाहेर निघाला. भीमाच्या रानात हलके पाय टेकवून उभा राहिला. बांधावरून भीमानं हात वर केला आणि आपल्या कामाला लागला.

पंख गोळा करताना भीमाची आई दगडाबाई शेळ्या घेऊन आली. गालावर हात धरलेला. "दाढ लई ठणकतीया," म्हणाली. गुरुशांतनं तिला दगडावर बसवलं, फोनच्या उजेडात तोंडात बघितलं. दाढ किडून पोकळ झाली होती.

"काढावी लागेल. सोलापूरला या. भीमाला घेऊन."

तिनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "वर भ्या न्हाय का वाटत?"

"वाटतं."

"मग कशाला जाताव?"

ती खरंच विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती. 'हं' म्हणून सुटता आलं असतं. "दुसरं काही येत नाही मला, मावशी," गुरुशांत म्हणाला. "दात काढणं आणि हे. माणसांशी बोलायचं राहून गेलं."

दगडाबाई उठली. "आता बोलतायसा की," म्हणाली, आणि शेळ्यांमागं निघून गेली.

घरी आल्यावर त्यानं दिवे लावले आणि पंख हॉलमध्ये पसरला. रानात पाइपाचं पाणी लागून ते दमट झालं होतं, आणि दमट कापड गुंडाळून ठेवायचं नसतं. पण तो हॉलमध्ये पुरा मावेना. टीपॉय भिंतीला लावला, खुर्च्या एकीवर एक ठेवल्या, तरी एक टोक उत्कर्षाच्या खोलीच्या दारातून आत गेलं. त्यानं स्वयंपाकघरात उभ्यानंच भात खाल्ला, कारण बाहेर बसायला जागा नव्हती. मग दवाखान्यातला एक बारीक चिमटा घेऊन तो कापडाच्या कडेला गुडघ्यावर बसला. रानातली कुसळं जागोजाग रुतून बसली होती. पातळ कापडाला धक्का न लावता तो ती एकेक काढत राहिला. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं मधूनच पंखाचा एखादा कप्पा फुगायचा, आणि गुरुशांत हात ठेवून त्याला हलकेच खाली बसवायचा.